उज्जयिनीतील ठरल्या दराचे ताट

उज्जयिनीस आलेला प्रवासी उपाशी परत गेला असे कोणी सांगितले, तर वाचकांनी त्यावर विश्वास ठेवू नये. भल्या सकाळी देवासगेटाशी बसमधून उतरावे तो पोह्यांच्या कढईतून वाफ निघताना दिसते. पोह्यांवर शेव, शेजारी गरम जिलबी, आणि विकणारा इतक्या आपुलकीने द्रोण पुढे करतो की, आपण स्नान केलेले नाही हेही क्षणभर विसरावे. दुपारी दाल-बाफले, संध्याकाळी फ्रीगंजातील टॉवरपाशी चाट, हिवाळा असेल तर तळून लिंबू पिळलेला गराडू. आणि खिशात काहीच नसेल, तर महाकालाच्या अन्नक्षेत्रात मोफत प्रसाद आहेच. सांदीपनींच्या आश्रमात श्रीकृष्ण आणि सुदामा येथेच शिकले, असे पुराणे सांगतात. पुढे द्वारकेस जाताना सुदाम्याने फडक्यात बांधून नेले तेही पोहेच. त्या पोह्यांचा दर काय, हे कोणी ठरविले नव्हते. आणि त्यांच्या मोबदल्यात काय मिळाले, हे सर्वांस ठाऊक आहे.

परंतु प्रस्तुत लेखाचा विषय या जुन्या उज्जैनीचा नाही. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल लोकाचे लोकार्पण झाले, आणि तेव्हापासून या गावात येणाऱ्यांचा ओघ इतका वाढला की इंदूर रस्त्यावर आणि नानाखेड्याकडे एकामागून एक मोठी हॉटेले उभी राहिली. त्यांच्या दालनांत पाय रुततील असे गालिचे आहेत, आणि दारी उभा असलेला द्वारपाल आपल्याहून चांगला पोशाख करून असतो. अशा हॉटेलांत अलीकडे एक प्रथा रूढ होत आहे: विशिष्ट दिवशी, विशिष्ट दरात, आधीच ठरविलेले विशेष भोजन. पाहुण्याने काही निवडावयाचे नाही. जागा आगाऊ राखून ठेवावी, जाऊन बसावे, आणि जे येईल ते आस्वादावे. असे एक भोजन आम्ही गेल्या कार्तिकात घेतले. त्याची हकिगत सांगण्यापूर्वी ही ठरल्या दराची कल्पना मुळात आली कोठून, याचा थोडा विचार करू.

पाश्चात्त्य देशांत ही कल्पना जुनी आहे. फ्रान्समधील पथिकाश्रमांत पूर्वी यजमानाच्या एकाच लांब मेजावर सर्व वाटसरू ठरल्या वेळी बसत, समोर येईल ते खात आणि ठरलेले पैसे देत. ‘ताब्ल दोत’ म्हणजे यजमानाचे मेज, हे नाव त्यावरूनच पडले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये आजच्या अर्थाची रेस्टॉरंटे निघाली, आणि यादीतून हवा तो पदार्थ निवडून त्याचेच पैसे देण्याची सोय झाली. म्हणजे ठरल्या दराचे जेवण ही आधीची, आणि निवडीचे स्वातंत्र्य ही नंतरची गोष्ट होय. पुढे काळाचे चक्र फिरले. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये एका राजकीय पक्षाचे अधिवेशन भरले असता तेथील नामांकित रेस्टॉरंटांनी दुपारचे जेवण १९.९२ डॉलरांस देऊ केले. सनावरून बेतलेला हा दर लोकांस इतका भावला की त्या उपक्रमाची दरवर्षीची प्रथाच पडली. आपल्याकडे मुंबईत २०१० पासून त्याच धर्तीवर रेस्टॉरंट सप्ताह होऊ लागले. एरवी ज्या दारात शिरण्यास सामान्य माणूस कचरतो, तेथे आपल्यास किती पैसे पडतील हे आधी कळले, तर तो धीर करतो, हे त्यातले मर्म आहे.

आपण मराठी माणसे मात्र ठरल्या दराच्या जेवणास नवखी नाही. आपली खाणावळ म्हणजे दुसरे काय होते? महिन्याचे पैसे ठरलेले, जेवणाची वेळ ठरलेली, ताटात काय असेल हे वारावरून ठरलेले. कोणी गावास गेला तर तितक्या दिवसांचे खाडे धरावयाचे, कोणी मित्रास आणले तर गेस्टचे वेगळे पैसे, रविवारी सकाळी फीस्ट आणि रात्री चूल बंद. गिरगावापासून बडोदे-इंदुरापर्यंत जेथे जेथे मराठी कारकून, विद्यार्थी आणि गिरणीकामगार गेला, तेथे तेथे त्याच्या पाठोपाठ हा कायदा गेला.

उज्जैनीतही तो आला, आणि येणे स्वाभाविकच होते. बाजीराव पेशव्यांच्या काळी माळव्याची वाटणी झाली तेव्हा हे नगर राणोजी शिंद्यांकडे आले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी आपले ठाणे ग्वाल्हेरीस नेले, तरी शिंद्यांचे मन येथून निघाले नाही. छत्री चौकासमोरचे गोपाळ मंदिर बायजाबाईंनीच बांधविले. दरबार गेला, पण दरबारामागे आलेली घरे राहिली. कार्तिक चौकात, सिंहपुरीत, पटणी बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत अजूनही एखाद्या दारावर मराठी आडनावाची पाटी दिसते. वैकुंठ चतुर्दशीच्या मध्यरात्री महाकालाची पालखी गोपाळ मंदिरी जाते, आणि हराची बेलाची माळ हरीस व हरीची तुळशीची माळ हरास घालतात; ती हरिहरभेट पाहण्यास या घरांतील म्हातारीकोतारी माणसे अजूनही शाल पांघरून पायऱ्यांवर बसलेली आढळतात.

आमच्या आत्याचे घर अशाच एका गल्लीत होते. आत्याचे यजमान येथील एका कापडगिरणीत कारकून होते. १९७३ साली ते अकस्मात गेले तेव्हा आत्या अठ्ठावीस वर्षांची होती आणि पदरी पाच वर्षांचा मुलगा. भावांनी माहेरी बोलाविले. ती गेली नाही. पडवीत आठ पाट मांडून तिने पुढच्याच वर्षी खाणावळ सुरू केली. दोन वेळचे जेवण, महिना नव्वद रुपये. १९५७ साली स्थापन झालेले विक्रम विद्यापीठ तेव्हा भरात होते, अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले होते, गिरण्या चालू होत्या. आठांचे चाळीस पाट झाले. आम्हीही त्याच पंक्तीत बसून बी. ए. झालो, आणि भाचा म्हणून आमचे पैसे माफ असले तरी पाणी भरणे आणि पाट उचलणे माफ नव्हते. पुढे नव्वदच्या दशकात गिरण्या बंद पडल्या, मेंबर घटत गेले. १९९९ साली आत्याने चूल थंड केली, तेव्हा तिच्या वहीत अनेकांची येणी होती. ती वही तिने कोणास दाखविली नाही.

या खाणावळीचा एक नियम आत्या वारंवार सांगत असे: “दर ठरलेला असतो, पोट ठरलेलं नसतं.” कोणी दोन पोळ्या खाई, कोणी नऊ. दोन खाणाऱ्याने नऊ खाणाऱ्याकडे बघावयाचे नाही, आणि वाढणाऱ्याने मोजावयाचे नाही. हिशेबाच्या दृष्टीने पाहता यात शहाणपणच होते. अल्पाहारी मनुष्य नकळत बकासुराचा भार उचलतो, आणि चाळीसांची सरासरी बहुधा स्थिर राहते. शिवाय माणसे किती येणार हे ठाऊक असल्याने धान्य, भाजी, तूप यांची खरेदी नेमकी होते आणि वाया काही जात नाही. मोठ्या हॉटेलातील ठरल्या दराच्या भोजनामागेही हेच शास्त्र आहे. यादीतील साठ पदार्थांची तयारी ठेवण्याऐवजी आठ पदार्थ पन्नास जणांसाठी करणे केव्हाही स्वस्त पडते. फरक एवढाच की, तेथे दराबरोबर ताटही ठरलेले असते.

गेल्या वर्षी आत्यास ऐंशी वर्षे पूर्ण होऊन सहस्रचंद्रदर्शनाचा योग आला. तिने होमहवन नको म्हटले, आप्तेष्टांस बोलावणे नको म्हटले. तिच्या घराची पुढची बाजू, म्हणजे ती पडवीच, रस्तारुंदीकरणात गेली होती. आणि उरलेल्या दोन खोल्यांत एकटीने राहण्याऐवजी तिने आता इंदुरास मुलाकडे यावे, असे ठरले होते. ‘आता समारंभ कसला, निघायची तयारी,’ असे ती म्हणे. तेव्हा आमच्या कन्येने, जी पुण्यास नोकरी करते, परस्पर एक बेत केला. इंदूर रस्त्यावरील एका हॉटेलात शनिवारी-रविवारी ‘मराठा-माळवा विशेष ताट’ मिळते, दर माणशी साडेबाराशे रुपये अधिक कर, अशी माहिती तिने मिळविली आणि आम्हां चौघांच्या जागा राखून ठेवल्या. हॉटेलाचे नाव येथे देण्याचे कारण नाही. दर ऐकून आत्या एवढेच म्हणाली, “साडेबाराशेत माझा एक मेंबर वर्षभर जेवून वर खाडे मागायचा.”

भोजनगृह सुंदर होते हे मान्य केले पाहिजे. भिंतीवर शिंदेशाही पगडीची चित्रे, कोनाड्यात समया, मंद सनईवादन. १ एप्रिल २०२५ पासून राज्य शासनाने उज्जैनीसह अनेक तीर्थक्षेत्रांत मद्यविक्री बंद केली आहे. कालभैरवास मद्याचा नैवेद्य दाखविणाऱ्या या नगरीत त्यामुळे मोठ्या हॉटेलांसही सरबतांवर भागवावे लागते. म्हणून प्रथम तांब्याच्या फुलपात्रातून कोकम सरबत आले. त्यानंतर वाटीभर भुट्ट्याचा कीस. तो माळव्याच्या नावास साजेसा होता. मग लिंबाएवढा एक बाफला, त्यावर चमचाभर डाळ. प्रत्येक पदार्थ आणताना वाढपी त्याचे नाव, जन्मगाव आणि थोडा इतिहास सांगे. आम्ही शिक्षक असल्याने तो पाठ मन लावून ऐकला.

आत्या मात्र अस्वस्थ दिसली. तिने हळूच कन्येस विचारले, “अगं, मीठ नाही वाढलं.”

कन्येने वाढप्यास सांगितले. तो नम्रपणे म्हणाला की पदार्थांत मीठ प्रमाणशीर आहे. आत्यास ते समजेना. तिची तक्रार चवीची नव्हतीच. मराठी ताटाची सुरुवात मिठाने होते. मग लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे अशी डावी बाजू भरते, तेव्हा उजवीकडे भाजी-आमटीस जागा मिळते, आणि भातावर तूप पडल्याखेरीज कोणी हात लावत नाही. ताट हा एक नकाशा आहे. तो सबंध समोर आल्यावर कोठून कोठे जावयाचे हे खाणाऱ्याने ठरवावयाचे. एकामागून एक पदार्थ आणण्याची रीत युरोपातही फार जुनी नाही. तेथेही पूर्वी अनेक पदार्थ एकदम मांडीत, आणि एकेक आणण्याची रशियन पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. आम्ही हे आत्यास सांगितले. ती म्हणाली, “मग रशियन म्हणा की. मराठा कशाला म्हणता?”

पुढे पुरीएवढी पुरणपोळी आली, वर तुपाचा थेंब, आणि सोबत चिमुकल्या वाटीत कटाची आमटी. आत्याने आमटी बोटाने चाखली, पुन्हा चाखली, आणि वाटी खाली ठेवली. “ही कटाची नव्हे,” ती म्हणाली. आमच्या सौभाग्यवतींनी तिच्या हातावर हात ठेवला: “आत्याबाई, असू द्या. मुलीनं हौसेनं आणलंय.” आत्या गप्प बसली. पण वाढपी चाणाक्ष होता. थोड्याच वेळात आतून पांढऱ्या अंगरख्यातील पंचविशीचा एक तरुण आला आणि हात जोडून हिंदीत विचारू लागला की, माताजींना काय आवडले नाही.

तो गढवालचा होता. मराठी स्वयंपाक त्याने प्रशिक्षणात थोडा आणि मोबाइलवर पाहून थोडा शिकलेला. आत्या पन्नास वर्षांच्या सरावाच्या माळवी हिंदीत त्याला विचारू लागली. पुरणाची डाळ केव्हा शिजविली? तो म्हणाला, पुरण आठवड्यातून दोनदा एकदम करून बर्फात ठेवतो. मग आज आमटीस कट कोठून आणला? त्याने प्रांजळपणे सांगितले की आमटीसाठी तो वेगळी डाळ शिजवून पातळ करतो.

“आणि पुरणाच्या डाळीचं पाणी?”

“फेंक देते हैं, माताजी.”

आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. वाचक भगिनींस हे समजावून सांगावयास नकोच, पण आमच्यासारख्या पुरुष वाचकांसाठी लिहितो. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवून निथळली की जे दाट पाणी उरते तो कट. त्यातच थोडे पुरण कालवून, गोडा मसाला, चिंच, गूळ आणि खोबरे घालून आमटी होते. म्हणजे पोळी आणि आमटी या एकाच डाळीच्या दोन लेकी आहेत. एकीचे लग्न ठरले की दुसरीचे आपोआप ठरते. ज्या घरात डाळ मोजून आणली जाई, त्या घराने पाणीही वाया न घालविण्याची काढलेली ही युक्ती. साडेबाराशेच्या ताटात तिचे नाव आले होते, चव बहुतांशी आली होती, पण युक्ती मोरीतून वाहून गेली होती.

आत्याने त्याला रागे भरले नाही. तिने त्याला शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसावयास लावले, जे त्याच्या वरिष्ठास बहुधा रुचले नसावे, आणि किती शेर डाळीस किती पाणी ठेवावे, कट गार झाल्यावर किती तास टिकतो, गरम मसाल्याऐवजी गोडा मसाला का, आणि त्यात दगडफूल किती, हे बोटांवर मोजून सांगितले. तो खिशातील कागदावर देवनागरीत लिहून घेत होता. शेवटी त्याने विचारले, “आपण हे कोठे शिकलात?” आत्या म्हणाली, “शिकले नाही. चाळीस माणसं जेवायची, म्हणून आलं.” आमची कन्या हे सर्व ऐकत होती. तिने ही आमटी शेकडो वेळा खाल्ली आहे. एकदाही केलेली नाही. त्या दिवशी गढवालच्या त्या मुलाने विचारले ते प्रश्न आमच्या घरात आत्यास कोणी विचारले नव्हते, ही गोष्ट आम्हां तिघांच्याही ध्यानात आली असावी, कारण श्रीखंड येईपर्यंत कोणी फारसे बोलले नाही.

मग बिल आले. चार ताटांचे पाच हजार. त्यावर दहा टक्के सेवाशुल्क पाचशे. त्या सर्वांवर पाच टक्के वस्तू व सेवा कर दोनशे पंच्याहत्तर. एकूण पाच हजार सातशे पंच्याहत्तर. येथे वाचकांच्या उपयोगाची एक माहिती देतो. हॉटेलाने सेवाशुल्क परस्पर बिलात लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली होती, आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती ग्राह्य ठरविली. सेवेबद्दल काही द्यावयाचे तर ते ग्राहकाने स्वखुशीने द्यावे. कर मात्र द्यावाच लागतो. आम्ही ही गोष्ट व्यवस्थापकाच्या कानी शांतपणे घातली; त्याने वाद न घालता नवे बिल आणले, पाच हजार दोनशे पन्नासांचे. कन्येस या घासाघिशीचा किंचित संकोच वाटला. परंतु ठरल्या दराचा अर्थ ठरला दर असाच असला पाहिजे. त्यात मागाहून भर पडू लागली तर ज्या भरवशावर साधा माणूस त्या दारात शिरतो तो भरवसाच नाहीसा होतो. पाचशेंपैकी दोनशे वाढप्यास आणि दोनशे त्या गढवाली मुलास आम्ही हातोहात दिले. आत्याने आपल्या बटव्यातून एक रुपयाचे नाणे काढून त्यावर ठेवले. सौभाग्यवतींनी मधुमेहामुळे श्रीखंड घेतले नव्हते. आत्याने जाता जाता व्यवस्थापकास विचारले की, त्याचा खाडा धरता का. तो हसला, आणि धरला नाही.

परतताना आम्ही महाकाल मंदिरावरून आलो. शेजारी महाराजवाडा दिव्यांनी उजळला होता. शिंद्यांच्या काळच्या या वास्तूत पुष्कळ वर्षे आमच्या खात्याची शाळा भरत असे. महाकाल परिसराच्या विकासात शाळा दुसरीकडे गेली आणि वाड्याचे जतन करून त्याचे हेरिटेज हॉटेल करण्यात आले. जुनी वास्तू ढासळण्यापेक्षा ती नांदती राहणे बरे, हे आम्हांस पटते. त्या दगडी भिंतींना पाढ्यांचा आवाज ऐकण्याची सवय होती एवढेच. आता त्या दुसरे काही ऐकतील. २०२८ च्या सिंहस्थासाठी सारे नगर बदलत आहे, आणि जे बदलते ते सगळेच वाईट असते असे मानण्याचे आमचे वय झालेले असले, तरी तसे मानण्याची आमची इच्छा नाही.

दुसऱ्या सोमवारी आम्ही शाळेत गेलो. आमची शाळा उज्जैनीजवळच्या एका खेड्यात आहे. सहावी ते आठवी, पटावर शहाऐंशी मुले. तेथेही रोज ठरल्या दराचे ताट वाढले जाते. शासनाच्या पोषण योजनेत १ मे २०२५ पासून या वर्गांसाठी दर मुलामागे दर दिवशी १० रुपये १७ पैसे सामग्रीखर्च मंजूर आहे. धान्य दर मुलास दीडशे ग्रॅम, ते निराळे मिळते, आणि स्वयंपाकिणींचे मानधन निराळे. म्हणजे डाळ, भाजी, तेल, मसाला आणि जळण यांसाठी शहाऐंशी मुलांचे मिळून दिवसास ८७४ रुपये ६२ पैसे. साडेबाराशेतून हा आकडा वजा करून कोणास लाजविण्याचा आमचा हेतू नाही. मुलीने स्वकष्टाच्या पैशातून आजीस जेवू घातले, त्याचे मोल कोणत्याही हिशेबाने कमी होत नाही. परंतु दोन्ही ताटे एकाच आठवड्यात डोळ्यांसमोर आली, आणि आत्याच्या नियमाची आठवण झाली. आमच्या स्वयंपाकिणी, त्याच गावच्या बचतगटातील बाया, दहा रुपयांच्या डाळीत दुसऱ्यांदा मागणाऱ्या मुलास नाही म्हणत नाहीत. दर ठरलेला, पोट मोकळे; ही खाणावळ अजून चालू आहे, एवढेच.

उज्जैनीस येणाऱ्या आमच्या वाचकांस आमचे सांगणे असे: त्या मोठ्या हॉटेलांत अवश्य जा. पैसे आधी विचारा, सेवाशुल्काचे आधी विचारा, मीठ मागा. स्वयंपाक्यास भेटावयाचे आहे असे म्हणा. तो बहुधा दूरच्या मुलखातील तरुण असेल आणि आपल्याकडून ऐकण्यास उत्सुक असेल. आपले पदार्थ परक्यांच्या ताटात गेले म्हणून दुःख करण्यापेक्षा ते तेथे पोहोचताना त्यांतील अक्कल मागे राहू नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे. आणि तत्पूर्वी ती आपल्या मुलांस सांगून ठेवावी.

आत्या मार्गशीर्षात इंदुरास गेली. निघण्यापूर्वी आमच्या कन्येने दोन दिवसांची रजा वाढवून तिच्यासमोर बसून गोडा मसाला कुटला. पहिला घाणा थोडा करपला, दुसरा जमला. खाणावळीच्या चाळीस पाटांपैकी बावीस धड निघाले. ते कोणास द्यावयाचे याचा प्रश्न होता. आत्याने तो चुटकीसरशी सोडविला, आणि एका लहान टेम्पोतून ते आमच्या शाळेत आले. बावीस पाट आणि शहाऐंशी मुले, तेव्हा भांडणे होणार हे उघड होते. आम्ही पाळ्या लावून दिल्या आहेत: सोमवारी-मंगळवारी सहावी, बुधवारी-गुरुवारी सातवी, शुक्रवारी-शनिवारी आठवी, आणि प्रत्येक वर्गाची अर्धी मुले एका दिवशी व उरलेली दुसऱ्या दिवशी. आत्याने दूरध्वनीवरून विचारले की, मीठ प्रथम वाढता ना. वाढतो, असे आम्ही तिला कळविले आहे.